परतीचं तिकीट काढण्याआधी

«ताई, मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ४७. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून माजघरातल्या खाटेवर आहेत. त्यांचं सगळं मीच करते. पाठीला जखम म्हणून होऊ दिलेली नाही. मिस्टरांची रिक्षा आहे, थोडी कलमं आणि काजू आहेत. मोठे दीर डोंबिवलीला, धाकटे विरारला, नणंद पुण्याला. सगळे गणपतीला आणि मे महिन्यात येतात. आले की ‘आई किती वाळली’, ‘आमच्याकडे असती तर फिजिओ लावला असता’ असं बोलतात आणि पाच दिवसांनी जातात. सासरे शिक्षक होते, त्यांची फॅमिली पेन्शन सासूबाईंना मिळते. तिचं एटीएम कार्ड मोठ्या दिरांकडे. पैसे पाठवतात, पण दर वेळी मागावे लागतात.

मागच्या महिन्यात एका रात्री त्यांनी तिसऱ्यांदा चादर ओली केली आणि मी त्यांच्या हातावर चापट मारली. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हापासून मला झोप नाही. हल्ली चहा पिताना त्यांना ठसका लागतो. माझी कंबर धरते. यंदा गणपतीत सगळे जमले की तोंड उघडावं असं वाटतं, पण सणात वाद नको. मी काय करू? मी वाईट सून आहे का? – एक सून»

ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही सहज जोडल्यासारखा लिहिलात, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत हे कळतं. म्हणून आधी त्याचंच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, तेव्हा कुठे पाठ शाबूत राहते. दिवसाला बारा वेळा. रात्रीची थोडी सवड धरली तरी तीन वर्षांत दहा हजारांच्या खाली हा आकडा येत नाही. ‘जखम म्हणून होऊ दिलेली नाही’ हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. ज्यांनी हे केलंय त्यांना त्या ओळीचं वजन माहीत आहे. वाईट सुनेच्या हातून हे होत नाही.

चापट मात्र चुकली. ती मी पुसून टाकणार नाही, कारण तुम्हालाही ती पुसलेली नको आहे. तुम्ही सासूबाईंची माफी मागा. मनातल्या मनात नको, त्यांचा डावा हात हातात घेऊन, मोठ्याने. मेंदूच्या डाव्या भागाला मार बसला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते, आणि बोलण्याचं केंद्रही बहुतेकांच्या डाव्याच भागात असतं, म्हणून दोन्ही एकदम जातात. पण तोंडातून शब्द न येणं वेगळं आणि कानावर पडलेलं न कळणं वेगळं. किती कळतं ते माणसागणिक कमीजास्त असतं, पण आवाज आणि हाताचा स्पर्श ओळखू येतो. त्या बघत राहिल्या, असं तुम्हीच लिहिलंय.

आणि पुन्हा कधी तसं डोक्यात गेलं तर हातातलं सगळं तिथेच टाकून पडवीत या. चादर ओली राहिली तरी पाच मिनिटांत काही बिघडत नाही. पायरीवर बसा, पाणी प्या, मग आत जा. त्या रात्री तुम्ही एकट्या होतात, तिसऱ्या खेपेला उठला होतात, आणि उठवायला दुसरं कुणी नव्हतं. दुसरं कुणी असण्याची सोय करायची हाच ह्या पत्राचा खरा विषय आहे, पण त्याच्याआधी दोन गोष्टी आहेत ज्या गणपतीपर्यंत थांबणार नाहीत.

एक, ठसका. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायूही कमजोर होतात. पातळ पदार्थ घशातून भरकन उतरतो आणि श्वासनलिकेचं झाकण वेळेवर पडत नाही. थेंब फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि ह्या वयात तो झेपत नाही. ठसका नव्याने सुरू झालाय, म्हणजे ह्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं. कधी कधी तो दुसऱ्या छोट्या झटक्याचीही खूण असतो. तोवर झोपल्या जागी पाण्याचा थेंबही नको. पाठीला लोड लावून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. छोटा चमचा, घास डाव्या बाजूला, आणि आधीचा गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा नाही. जेवण झालं की ओल्या फडक्याने उजवा गाल आतून पुसून घ्या. तिथे शीत अडकून राहतं आणि त्यांना ते जाणवत नाही. नंतर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. पेज द्याल ती निवळ नको. शितं पूर्ण घोटून इतकी दाट करा की चमचा कलता केल्यावर ओघळ न लागता गोळ्याने पडेल. नाचणीचं सत्त्वही तसंच. चहाशिवाय त्यांना राहवत नसेल तर बिस्किट पूर्ण विरघळवून लापशीसारखा करून द्या, पण गिळणं तपासेपर्यंत कपाने चहा बंद.

डॉक्टरांकडे जाताच आहात तर लघवीचीही तपासणी करून घ्या. रात्री तीनतीनदा चादर ओली होणं नेहमीचं नसेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, आणि म्हातारपणी त्यात ताप येईलच असं नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळी देता येते का तेही विचारा. पाणी तोडू नका, त्याने दुखणं वाढतं.

दुसरी, तुमची कंबर. खाट उंच करा. चार पायांखाली एकेक घडीव चिरा किंवा लाकडी ठोकळा, डळमळत नाही ना हे स्वतः हलवून बघून. खाट एका बाजूने भिंतीला टेकवा आणि उघड्या बाजूला लोड किंवा आडवी फळी असू द्या. खाट तुमच्या कंबरेला लागली पाहिजे, म्हणजे वाकणं थांबेल. मग एखादं जुनं सुती लुगडं चौपदरी घडी घालून त्यांच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत आडवं अंथरा. वर सरकवायचं असलं की दोघांनी दोन बाजूंनी लुगडं धरून सरकवायचं, माणसाला ओढायचं नाही. कूस वळवताना पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि अख्खं अंग एकदम आपल्याकडे. उजवा हात धरून तर कधीच ओढू नका, लुळ्या हाताचा खांदा निखळतो.

दोघांनी, असं मी म्हटलं. तुमच्या पत्रात दुसरं माणूस शोधून सापडलं नाही.

आता तुम्हाला माझ्याबद्दल एक सांगते. मी ती नणंद होते.

माझं माहेर राजापूर तालुक्यात. माझे वडील पार्किन्सनने साडेचार वर्षं घरात होते आणि त्यांचं सगळं वहिनी करायची. मी ठाण्याला. एका गणपतीत, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी वडिलांचा हात हातात घेतला तर नखं वाढलेली. मी सगळ्यांदेखत नेलकटर मागितला आणि म्हटलं, ‘वहिनी, निदान नखं तरी कापत जा गं.’ वहिनी उकड मळत होती. ती ‘हो’ म्हणाली. एवढंच. मी एका हाताची दोन नखं कापली, तेवढ्यात आरतीला हाक आली, आणि राहिलेली कापायची राहून गेली.

पुढच्या जानेवारीत वहिनीचं ऑपरेशन ठरलं. भावाने फोन केला आणि मी नऊ दिवसांची रजा टाकून गेले. तिसऱ्या रात्री मी नखं कापायला बसले. वडिलांच्या मुठी वळलेल्या असायच्या. एक बोट उलगडलं की दुसरं मिटायचं, आणि बोट सरळ धरून ठेवलं की त्यांना दुखायचं. त्यांच्या घशातून बारीक आवाज यायचा. वीस मिनिटांत माझी तीन नखं झाली. तिसऱ्याला कातडी कापली गेली, रक्त आलं. मी हळद लावून तशीच बसून राहिले. सकाळी वहिनीला हॉस्पिटलात फोन केला. ती म्हणाली, ‘वन्सं, रात्री नाही हो कापायची. सकाळची गोळी दिली की तासाभराने डावा हात सैल पडतो, तेव्हा एक हात. उजवा दुसऱ्या दिवशी.’

साडेचार वर्षांत हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी ते कधी विचारलं नव्हतं.

ती मला आधी शंभर वेळा बोलली असती तरी माझ्या डोक्यात शिरलं नसतं. उलट मी दुखावले असते, भावाकडे तक्रार केली असती. मला शहाणं केलं त्या नऊ रात्रींनी. तेव्हापासून माझी पाळी ठरली: जानेवारीत नऊ दिवस, जुलैत लावणीच्या दिवसांत आठ. वडील जाईपर्यंत ती मी चुकवली नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गणपतीत तोंड उघडू नका. घर माणसांनी भरलेलं असताना, पाच दिवसांच्या धावपळीत कितीही साधं बोललात तरी ते भांडणच होणार, आणि विसर्जन झालं की प्रत्येक जण परतीच्या गाडीच्या वेळेकडे बघणार. तेव्हा कुणी थांबायचं म्हटलं तरी थांबू शकत नाही, तिकीट काढलेलं असतं. सगळं त्या परतीच्या तिकिटावर ठरतं. कोकण रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीतल्या गाड्या बघता बघता भरतात. तेव्हा बोलायची वेळ आहे ती तिकिटं निघण्याआधी.

मागायचे आहेत ते दिवस. सहानुभूती नको, ‘लक्ष द्या जरा’ असं मोघम नको, नुसते पैसेही नकोत. आपल्याकडे यंदाच्या गणपतीची पाळी कुणाची, मूर्ती कोण आणणार, हे घराघरांत ठरलेलं असतं. आईच्या पाळ्या मात्र कुणी पाडल्याच नाहीत, म्हणून त्या बाराही महिने तुमच्याकडे राहिल्या. आता पाडायच्या.

आणि मेसेज मिस्टरांच्या फोनवरून, मिस्टरांच्या नावाने जाऊ दे. आई त्यांची, भावंडंही त्यांची. तुम्ही मागितलंत तर ती सुनेची कुरकुर ठरेल. हे योग्य नाही, पण पहिल्याच मेसेजला ते युद्ध लढत बसू नका. फोनवर सांगू नका, फोनवर ‘बघू’ म्हणता येतं. घरच्या ग्रुपवर लिहा. मी असा लिहीन:

«आईला चहा पिताना ठसका लागायला लागला आहे. डॉक्टरांना दाखवतोय, काय म्हणतात ते कळवतो. हिची कंबर धरते, तिला विश्रांतीची गरज आहे. गणपती विसर्जनानंतर पाच दिवस ती माहेरी जाणार आहे. ते पाच दिवस आईजवळ माझ्यासोबत तुमच्यापैकी एक जण लागेल, आईला उचलायला दोन माणसं लागतात. कोण राहणार ते आपसात ठरवून त्याप्रमाणे परतीची तिकिटं काढा. निघण्याआधी दोन दिवस ही सगळं दाखवेल, वहीत लिहूनही ठेवते आहे. पुढे जानेवारीत एक आठवडा आणि लावणीला एक आठवडा असे दिवस वाटून घेऊ. ज्याला येणं शक्य नाही त्याने त्या आठवड्यापुरत्या कामाला ठेवलेल्या मावशीचे पैसे द्यावेत.»

ह्यात ‘जमेल का’ कुठे लिहिलेलं नाही हे बघा. जमवायचं कसं एवढंच त्यांच्यावर सोडलंय. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी मिस्टरांनी एकेकाला फोन करावा. नणंदेला मात्र तुम्ही स्वतः करा. का कोण जाणे, पण नणंदा लवकर वळतात असा माझा अनुभव आहे. आई आपली आहे आणि आपण तिथे नाही, हे त्यांना आतून टोचत असतं. टोचतं म्हणूनच त्या चादर तपासतात.

वही आजच सुरू करा. शंभर पानी, दोरीने खाटेला बांधलेली. कुठली गोळी किती वाजता, कशाबरोबर. कूस कधी बदलली. काय खाल्लं, ठसका लागला का. त्या कशावर कुरकुरतात आणि तेव्हा नेमकं काय हवं असतं. कुठल्या कुशीवर लवकर झोप लागते. हे सगळं आज फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि तुम्ही उद्या तापाने पडलात तर सासूबाईंचे हाल होतील. वही लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात त्यांना देता येण्याची तयारी.

मिस्टरांबद्दल तुम्ही रिक्षा आणि कलमं एवढंच लिहिलंत. रात्रीची एक कूस त्यांची. अकराची त्यांनी बदलायची, म्हणजे तुम्हाला सलग झोप मिळेल. मुलाने आईचं कसं करायचं, असा संकोच असतो, मी समजू शकते. न्हाऊ घालणं, कपडे बदलणं तुम्ही ठेवा. उचलणं, वळवणं, भरवणं ह्यात कसला संकोच? शेजारीही रोज संध्याकाळी अंगणात येऊन विचारत असतील, ‘म्हातारी कशी आहे?’ त्यांच्यातल्या एकीला सांगा, मंगळवारी चार ते पाच बसा, मी जरा बाजारात जाऊन येते. विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा काय करावं हेच कळत नसतं.

पैशाचं. पेन्शन सासूबाईंची आहे, म्हणून ती सासूबाई जिथे आहेत तिथे खर्च व्हायला हवी. दिरांकडून कार्ड मागून तेढ वाढवण्यापेक्षा दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेली रक्कम तुमच्या खात्यावर येईल एवढं ठरवा. रक्कम ठरवायला तुमच्याकडे आकडा हवा: औषधं, डायपर, मेणकापड, साबण, डॉक्टरांची रिक्षा, सगळं महिनाभर लिहा आणि बिलांचे फोटो ग्रुपवर टाका. दिरांना फिजिओ लावायचा होता ना, तर चिपळूणहून महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट आणायचा खर्च त्यांच्याकडे द्या. व्यायाम शिकून घेतला की रोज तुम्हाला करता येतो. ७० वर्षांवरच्या माणसांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून बँकांना सांगितलेलं आहे, शाखेत विचारा. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना उचलून कुठे न्यायची गरज नाही, पोस्टमन घरी येऊन आधारवर डिजिटल दाखला काढून देतो. आणि आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर आशाताईंना गाठा. ७० च्या पुढच्या सगळ्यांसाठी आहे, उत्पन्नाची अट नाही, योजनेतल्या हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात.

आणखी एक तुम्हाला ठाऊक असावं. आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा आहे. त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकलेली आहे. सुनेचं नाव त्या व्याख्येत नाही. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पण मी तुम्हाला तिकडे पाठवत नाहीये, तुमचं घर त्या टोकाला गेलेलं नाही. फक्त ‘तुझंच काम आहे’ असं कुणी म्हटलं, किंवा तुमचं तुम्हालाच वाटलं, तर हे आठवा. तुम्ही करताय ते माया म्हणून, सवय म्हणून, घर धरून ठेवायचं म्हणून. त्याबद्दल मला फार आदर आहे.

झोप अजूनही येत नसेल, उगाच रडू येत असेल तर १४४१६ ह्या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. पहिला तुमच्यासाठी आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

माहेरी जाल तेव्हा पहिल्या दिवशी दर दोन तासांनी जाग येईल. माझ्या वहिनीला हॉस्पिटलातसुद्धा यायची. घरी फोन करावासा वाटेल. दिवसातून एकदा करा, संध्याकाळी, आणि नणंद किंवा जाऊ काही चुकीचं करतेय असं वाटलं तरी वहीचं पान सांगा आणि फोन ठेवा. पेज थोडी पातळ होईल, हे चालणार नाही, ते मात्र ठणकावून सांगा. चादरीला सुरकुती राहील, ते चालेल.

आज रात्री सासूबाईंचं जेवण झालं, त्या अर्धा तास बसल्या असतील, तेव्हा मिस्टरांना शेजारी बसवा आणि मेसेज लिहा.